दीड मीटरचा लोहमार्ग

प्रतिकृती रेल्वेचा छंद घरात बहुधा एका खोक्यातून येतो. वाढदिवसाची भेट म्हणून किंवा परदेशी राहणाऱ्या नातलगाकडून मुलाला एक इंजिन, तीन डबे आणि लंबवर्तुळ पुरे होईल इतके रूळ मिळतात. पहिल्या संध्याकाळी घरातील लहानथोर फरशीवर बसून गाडी पाहतात. आठव्या दिवशी ती एकाच जागी अडखळू लागते आणि महिनाभरात खोके माळ्यावर जाते. मुलाला कंटाळा आला, असे घरचे समजतात. वस्तुतः फरशीवरची धूळ चाकांत गेलेली असते, रोज जोडून-सोडवून रूळजोड सैल झालेले असतात आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे त्या गाडीला जाण्यासारखे ठिकाणच नसते. ती फिरत राहते, पण कोठे पोचत नाही आणि काही पोचवतही नाही.

मोठ्या माणसांचे अपयश निराळ्या प्रकारचे असते. निवृत्तीनंतर एखादे गृहस्थ खोलीभर मांडणीचा संकल्प करतात. घाट, तीन स्थानके, दोन बोगदे, नदीवरचा पूल, सारे कागदावर उतरते. प्लायवूड येते, रूळ येतात, इंजिने येतात. दोन वर्षांनी अर्धी उघडी फळी आणि खाली लोंबणाऱ्या तारा एवढेच शिल्लक राहते आणि त्या फळीवर घरची मंडळी इस्त्रीचे कपडे ठेवू लागतात.

दोन्ही अपयशांवर उपाय एकच. मांडणी लहान असावी, पण पूर्ण असावी. आणि तिच्यावरील गाडीला करण्यासारखे काम असावे. दीड मीटर लांब आणि तीस सेंटीमीटर रुंद अशी एक फळी त्यासाठी पुरेशी आहे. ती पुस्तकांच्या कपाटावर मावते, एका माणसाला उचलता येते आणि सुट्टीच्या दिवशीच काम केले तरी काही महिन्यांत पुरी होते.

काम आधी, खरेदी नंतर

बहुतेक जण प्रथम इंजिन निवडतात आणि मग त्याला साजेशी मांडणी शोधतात. हा क्रम उलट असावा. ही रेल्वे कोठली, कोणत्या काळातली आणि तिच्यावरून काय वाहून नेले जाते, हे आधी ठरवावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की काय विकत घ्यायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय घ्यायचे नाही, हे आपोआप ठरते.

महाराष्ट्रातील कुटुंबांना उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. माथेरानची गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु मालवाहतुकीची रंगत हवी असेल तर बार्शी लाइट रेल्वेसारखा आदर्श सापडणे कठीण. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही अडीच फूट रुंदीची रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावरचा भार पाच टनांपेक्षा अधिक नसावा, या एका नियमाभोवती कॅलथ्रॉपने सारी रचना बेतली होती. त्यामुळे रूळ हलके चालले, पूल साधे चालले आणि तरीही माल भरपूर नेता आला.

याच अभियंत्याने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तेवढ्याच रुंदीची रेल्वे उभारली. १९०४ मध्ये सुरू झालेली ती रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली. तथापि तिकडच्या छंदप्रेमींनी ती आजही आपल्या फळ्यांवर चालती ठेवली आहे. बार्शी लाइन १९५४ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि चालू शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले. तिची प्रतिकृती मात्र आपल्याकडे क्वचितच पाहायला मिळते. ज्यांनी या गाडीतून प्रवास केला, जिच्या मालधक्क्यावर स्वतःच्या दुकानाचा माल उतरवून घेतला, अशी माणसे आज वयोवृद्ध आहेत. म्हणून फळी आणण्यापूर्वी वही घेऊन घरातील आजी-आजोबांजवळ बसावे. स्थानकाचे छप्पर कौलारू होते की पत्र्याचे, गोदामाचे दार कोणत्या बाजूला होते, धक्क्यावर हमाल किती असत, गाडी आली की गावात काय हालचाल होई, हे सारे लिहून घ्यावे. बाजारात रूळ मिळतात. ही माहिती मिळत नाही.

प्रमाण आणि गेज

नवोदितांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो. प्रमाण म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पटीने प्रतिकृती लहान आहे ते. गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. या दोन भिन्न गोष्टी आहेत. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ प्रमाण १:८७ आहे आणि त्यातील रुळांचे अंतर १६.५ मिलिमीटर असते. एन प्रमाण १:१६० आहे आणि त्यातील अंतर ९ मिलिमीटर.

भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद आहे. १:८७ प्रमाणात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवे. परंतु तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे मिळतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनवलेले असतात. म्हणून आपल्याकडील ब्रॉडगेजच्या प्रतिकृती जाणकारांना किंचित अरुंद पायांच्या दिसतात. बार्शीच्या बाबतीत ही अडचण उरत नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की ८.७६ येतात. एन प्रमाणासाठी बनलेले ९ मिलिमीटरचे रूळ येथे जवळजवळ अचूक बसतात. या जोडीला, म्हणजे १:८७ प्रमाण आणि ९ मिलिमीटर रूळ, एचओई असे नाव आहे. ऑस्ट्रियातील अनेक छोट्या रेल्वे ७६० मिलिमीटरच्या असल्यामुळे रोको आणि लिलिपुट या कंपन्या या मापाची इंजिने आणि डबे बनवतात. त्यांचा सांगाडा आणि मोटर तशीच ठेवून वरची पेटी पुठ्ठ्याची किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची आपल्या स्मरणातल्या गाडीसारखी करता येते. ज्याला हे जमणार नाही असे वाटते, त्याने प्रथम एका उघड्या वाघिणीवर हात बसवावा. चार भिंती आणि एक तळ, एवढेच तिचे शिल्प आहे.

तीन फाटे आणि आठ वाघिणी

दीड मीटरच्या फळीवर वर्तुळ मांडण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी ॲलन राइट या इंग्रज छंदप्रेमीने प्रसिद्ध केलेली 'इंगलनूक' ही मांडणी घ्यावी. तिला केवळ दोन सांधे लागतात. एका मार्गाचे दोन सांध्यांनी तीन फाटे होतात. लांब फाट्यावर पाच वाघिणी मावाव्यात आणि उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन. सांध्यांच्या अलीकडे, जेथे इंजिन मागेपुढे करते, तेथे इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा असावी. एकूण वाघिणी आठ.

खेळ असा : आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या करून त्यांतील पाच एकामागून एक उचलायच्या. ज्या क्रमाने चिठ्ठ्या निघाल्या, त्याच क्रमाने त्या पाच वाघिणींची गाडी लांब फाट्यावर जोडायची. नियम इतका सोपा आहे की सात वर्षांच्या मुलाला कळतो, आणि तरीही अशा मांडण्या ६,७२० होतात. म्हणजे रोज एक सोडवली तरी अठरा वर्षे पुरतील.

एक वाघीण दहा सेंटीमीटरची धरली तर लांब फाट्याला पन्नास, सांध्यांना आणि त्यांच्या पुढील वळणाला सुमारे पस्तीस आणि इंजिनाच्या बाजूला पंचेचाळीस सेंटीमीटर लागतात. दीड मीटरमध्ये हे सारे बसून थोडी जागा उरते. दुसऱ्या सांध्यापलीकडे दोन फाटे शेजारी-शेजारी येतात. त्यांत वाघिणी एकमेकींना घासणार नाहीत एवढे अंतर सुटले आहे की नाही, हे रूळ चिकटवण्यापूर्वी प्रत्यक्ष वाघिणी ठेवून पाहावे. मांडणी कागदावर छोटी काढण्यापेक्षा जुन्या वर्तमानपत्रांवर पूर्ण आकारात काढावी. बहुतेक चुका तेथेच सापडतात.

या आराखड्याला कुर्डुवाडीचे रूप सहज येते. तेथे ब्रॉडगेज आणि नॅरोगेज भेटत असल्यामुळे एका गाडीतील माल दुसरीत हातांनी चढवावा लागे. एक फाटा मालधक्क्याचा करावा, दुसरा कापसाच्या गोदामाचा आणि लांब फाट्यावर बार्शीकडे निघणारी गाडी उभी राहावी. धक्क्याच्या पलीकडे, फळीच्या मागच्या कडेला, ब्रॉडगेजच्या रुळांचा एक तुकडा आणि त्यावर एक मोठी वाघीण केवळ देखाव्यासाठी ठेवली, तरी दोन गेजमधला फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो.

फळी आणि पावसाळा

फळीसाठी जलरोधक प्रतीचे ९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घ्यावे. खाली प्लायवूडच्याच पाच सेंटीमीटर रुंद पट्ट्या उभ्या लावून चौकट करावी आणि दर चाळीस सेंटीमीटरवर एक आडवी पट्टी द्यावी. सांध्यांच्या बरोबर खाली मात्र पट्टी येऊ देऊ नये; तेथे पुढे तारा आणि बटणे बसवायची असतात. कोकणात, घाटमाथ्यावर आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा प्लायवूडला वाकवते. त्यावर उपाय म्हणून फळीच्या केवळ वरच्या अंगाला नव्हे, तर खालच्या अंगाला आणि चारही कडांनाही व्हार्निशचे दोन हात द्यावेत. एकच बाजू रंगवली तर उघडी बाजू ओल शोषते आणि फळी निश्चितपणे बाक धरते.

फळी पाण्याच्या पातळीप्रमाणे सपाट बसवावी. सुटी केलेली वाघीण जागेवर उभी राहणे, यावरच हा सारा खेळ अवलंबून आहे. गवंड्याकडील स्पिरिट लेव्हल लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी ठेवून खात्री करावी. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळावी.

रूळ : येथे घाई नको

मांडणीचे यशापयश नव्वद टक्के रुळांवर ठरते, असे जुने जाणकार सांगतात. आकड्याचा वाद सोडला तरी सांगण्यातील तथ्य नाकारता येत नाही. डोंगर-झाडे उणी असली तरी गाडी चालते. रूळ उणे असले तर काहीच चालत नाही.

रूळ निकेल-सिल्व्हरचे घ्यावेत. नावात चांदी असली तरी तिच्यात चांदी नसते. घरातील जुन्या जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांचाच हा धातू. तो गंजत नाही आणि त्यावर जमणारा थर सहज पुसता येतो. फळीवर प्रथम ३ मिलिमीटर जाडीचा कॉर्क चिकटवावा, म्हणजे आवाज दबतो आणि खडीच्या भरावाला खऱ्यासारखा उतार येतो. रूळ कापल्यावर टोक कानशीने गुळगुळीत करावे आणि जोडावरून नख फिरवून पाहावे. नखाला जे अडते ते चाकालाही अडते. रूळजोड शक्यतो वळणावर येऊ देऊ नयेत.

जोडांमध्ये फट ठेवावी, पण किती? नव्वद सेंटीमीटर लांबीचा निकेल-सिल्व्हरचा रूळ तापमान वीस अंशांनी वाढले तर सुमारे ०.३ मिलिमीटर वाढतो. साध्या व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते. जोड बसवताना मधे कार्ड धरावे आणि मग काढून घ्यावे.

सांधे विकत घेताना एक गोष्ट पाहावी. जेथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, त्या भागाला रेल्वेची माणसे क्रॉसिंग म्हणतात. स्वस्त सांध्यांत हा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि तेथे वीज नसते. लांब इंजिन त्यावरून पार होते. चार चाकांचे छोटे इंजिन सावकाश चालताना नेमके तेथेच थांबते आणि मुलाला ते बोटाने ढकलावे लागते. म्हणून धातूच्या क्रॉसिंगचे सांधे घ्यावेत. त्यांच्यापुढे मात्र दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे रूळजोड लावून वीज तोडावी आणि क्रॉसिंगची वीज सांध्याबरोबर बदलणारा छोटा स्विच बसवावा, अन्यथा शॉर्ट सर्किट होते.

वीज

सामान्य प्रतिकृती इंजिने १२ व्होल्ट डीसीवर चालतात. घरातील वीज फळीपर्यंत कधीही नेऊ नये. प्रमाणित ॲडॉप्टर भिंतीच्या प्लगमध्येच राहावा आणि फळीवर केवळ १२ व्होल्ट यावेत. हा नियम मुले असलेल्या घरात अपवादाविना पाळावा. प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी डीसीसी ही डिजिटल पद्धत अनेक इंजिनांच्या मोठ्या मांडणीवर सोयीची आहे. येथे एका वेळी एकच इंजिन चालणार असल्याने साधा डीसी नियंत्रक पुरेसा होतो.

रूळजोडांवर विजेसाठी विसंबू नये. ते कालांतराने सैल होतात. फळीखाली लाल आणि काळी अशा दोन जाड तारा टोकापासून टोकापर्यंत न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्याशी जोडणारी बारीक तार स्वतंत्र डाग देऊन लावावी. पुढची बाजू नेहमी लाल, मागची नेहमी काळी. डाग देताना रुळाची बाजू आधी घासून स्वच्छ करावी, दोन्ही अंगांना ओला कापूस ठेवावा आणि तापलेली कावी दोन-तीन सेकंदांत उचलावी. अधिक वेळ टेकवली तर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून करावे. जोडलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी लावावी. तीन वर्षांनी बिघाड शोधणारा माणूस त्या चिठ्ठ्यांना दुवा देतो.

खडी टाकण्यापूर्वी निदान आठवडाभर गाडी चालवावी. आधी वाघिणी बोटाने ढकलून, मग इंजिनाने ओढून आणि शेवटी मागे ढकलून. मागे ढकलताना जी वाघीण रुळावरून उतरत नाही, ती कधीच उतरणार नाही.

खडी, गोदाम आणि झाडे

खऱ्या मार्गावरचा पाच सेंटीमीटरचा खडा १:८७ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून बारीक चाळणीतून गाळलेली वाळू हवी. वाळूतून प्रथम लोहचुंबक फिरवावे. नदीच्या वाळूत लोहकण असतात आणि ते इंजिनाच्या मोटरमध्ये ओढले जाऊन ती निकामी करतात. कोरडी वाळू मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मधे बसवावी. सांध्याच्या सरकणाऱ्या पात्यांपासून दूर ठेवावी. मग भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घातलेले पाणी फवारावे आणि समभाग पाणी घातलेला पांढरा गोंद ड्रॉपरने सोडावा. चोवीस तास हात लावू नये.

गोंदाच्या बाबतीत वाचकांनी थोडे सावध राहावे. सुतारकामातील पारंपरिक सरस प्राणिजन्य असतो, काही कुंचले जनावरांच्या केसांचे असतात आणि झाडांसाठी विकला जाणारा नैसर्गिक स्पंज हा मूळचा समुद्री जीव असतो. फेव्हिकॉलसारखा कृत्रिम पांढरा गोंद, नायलॉनचे कुंचले आणि फोमचा चुरा यांनी तेच काम तितकेच चांगले होते.

काळ्या मातीचा रंग टाइल्सच्या फटींत भरायच्या रंगीत पुडीने छान साधतो. जुन्या विजेच्या तारेतील तांब्याचे धागे पिळून बाभळीचे खोड करावे. आठ मीटरची बाभूळ नऊ सेंटीमीटरची होते. माणूस दोन सेंटीमीटरहून थोडा कमी. ही मापे मनात ठेवली नाहीत तर गोदामाचे दार हमालाच्या दुप्पट उंचीचे होते आणि सारा भास मोडतो. गोदाम पुठ्ठ्याचे करावे आणि त्याच्या भिंतीवर आजोबांनी सांगितलेली पाटी लिहावी.

गाडी चालवण्याची कला

मांडणी पुरी झाली की खरा छंद सुरू होतो. बहुतेक घरांत गाडी फार वेगाने चालवली जाते. नॅरोगेजची गाडी ताशी तीस किलोमीटर वेगाने धावते असे धरले तर प्रतिकृतीने दीड मीटर जायला सुमारे सोळा सेकंद लागले पाहिजेत. शंटिंगचा वेग त्याहून कितीतरी कमी. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने जाणाऱ्या इंजिनाला एक मीटर अंतर कापायला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. घड्याळ लावून पाहावे. या चालीने जे इंजिन न अडखळता चालते, ते खरेदी करण्यायोग्य; दुकानात दिव्यांची आणि आवाजाची नव्हे, या चालीची परीक्षा घ्यावी.

चिठ्ठ्यांच्या खेळाला व्यापाराची जोड दिली की रंगत दुणावते. प्रत्येक वाघिणीची एक बिल्टी करावी : माल कोणता, कोठून आला, कोणाकडे जायचा. कापसाच्या गाठी, तुरीची डाळ, गुळाच्या ढेपा, रॉकेलचे डबे. एकाने स्टेशनमास्तर व्हावे, एकाने सांधेवाला, एकाने ड्रायव्हर. आजोबांनी हुंडेकऱ्याची जागा घ्यावी आणि माल वेळेत न मिळाल्याची तक्रार करावी. व्यापारी कुटुंबातील मुलाला आवक-जावक, साठा आणि वेळ यांचा जो धडा दुकानात बसून उशिरा मिळतो, तो येथे खेळता खेळता मिळतो. आणखी एक गुण नकळत अंगी येतो. दोन वाघिणी चुकीच्या क्रमाने लागल्या तर हाताने उचलून बदलायच्या नाहीत, असा नियम घालावा. मग मुलाला थांबून, तीन चाली पुढचा विचार करून, आपल्या हातून झालेला गुंता आपणच सोडवावा लागतो.

देखभाल

आठवड्यातून एकदा दहा मिनिटे गाडी चालवणे, ही सर्वांत उत्तम देखभाल. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे सुती कापड वापरावे. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने जवळपास दिवा किंवा उदबत्ती नसावी आणि तो वाळेपर्यंत वीज सुरू करू नये. पॉलिश पेपर कधीही वापरू नये. त्याने पडणाऱ्या बारीक ओरखड्यांत मळ अधिक साचतो. केवळ रूळ पुसून भागत नाही. इंजिन उलटे करून चाकेही दमट कापसाने पुसावीत, कारण एक मळके चाक स्वच्छ केलेला सारा मार्ग पुन्हा मळवते. तेल सुईच्या टोकावर मावेल एवढेच, आणि ते आसाच्या टोकांनाच. रुळावर तेलाचा थेंब पडला की वीजही अडते आणि चाकही घसरते.

न वापरताना फळीवर धुतलेली सुती चादर असावी. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नये, आत ओल साचते. इंजिने मात्र झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत.

सुरुवात करण्यापूर्वी मोठी मांडणी प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा असेल तर पुण्यात कोथरूड येथे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तेथे मुलांना नेताना एक काम द्यावे : एकच गाडी निवडायची, ती कोठे थांबते, कोणत्या सिग्नलला थांबते आणि का, हे टिपायचे. भव्य मांडणी पाहून तसेच काही घरी करण्याची ओढ लागणे स्वाभाविक आहे. पण ती मांडणीही एकेका सांध्यानेच उभी राहिलेली असते.

पहिली फळी सहा महिने बिनतक्रार चालली, तरच दुसरीचा विचार करावा. दुसरीवर बार्शी करता येईल, तिसरीवर चंद्रभागेच्या काठचे पंढरपूर. प्रत्येक फळी स्वतःपुरती पूर्ण असेल आणि टोकाला टोक जोडले की गाडी पुढच्या गावी जाईल. त्या दिवशी ज्या आजोबांनी धक्क्याची दिशा सांगितली होती, त्यांच्या हाती नियंत्रक द्यावा आणि कुर्डुवाडीहून पहिली वाघीण त्यांनाच पाठवू द्यावी.